अंगठेबहाद्दर

नोंदणीच्या टेबलामागच्या मुलानं कागद सरकवला आणि पेन पुढे केलं. मी ते डाव्या हातानं घेतलं. उजव्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकचं कवच होतं आणि त्यात पेन धरायची सोय नव्हती. कागदावर नेहमीचाच मजकूर: माउंटन बाइकच्या शर्यतीतले धोके मला माहीत आहेत, काही झालं तर जबाबदारी माझी, वगैरे. शेवटची ओळ मात्र मी पहिल्यांदाच नीट वाचली. ‘मी शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त असल्याचे जाहीर करते.’ तिच्याखाली मी पहिलीतल्या पोरानं काढावी तशी वाकडीतिकडी सही ओढली. मुलानं सही बघितली, मग कवच बघितलं, मग परत सही.

‘‘काकू, अंगठा दिला असता तरी चाललं असतं,’’ तो हसत म्हणाला.

अंगठाच तर देता येत नव्हता.

एकोणीस दिवसांपूर्वी मी दोन झाडांमधून गेले होते, म्हणजे जायचा बेत होता. वाट पायाखालची. माझं हँडल ७६० मिलिमीटर रुंद आणि त्या दोन खोडांमधली फट त्याहून चार बोटं जास्त. ती चार बोटं दोन्ही बाजूंना सारखी वाटायची असतात, एवढंच मी त्या दिवशी विसरले. हँडलचं उजवं टोक खोडाला चाटलं, चाक झटकन वळलं, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी पुढे गेले. अंगठा मात्र सायकलशी इमान राखून मुठीभोवतीच राहिला.

पडल्यावर आधी सायकल बघायची, ही आमच्या जमातीची रीत. गिअरची तार, ब्रेक, चाक, सगळं ठीक होतं. मग पाणी प्यावं म्हणून बाटली ओढली तर ती हातातून सुटली. उचलली, पुन्हा सुटली. दुखतही नव्हतं फारसं. अंगठ्यानं फक्त कामावर यायचं बंद केलं होतं. दुखणं संध्याकाळी आलं आणि मुक्कामालाच राहिलं.

डॉक्टरांनी आधी एक्सरे बघितला. हाड शाबूत होतं. मग त्यांनी माझा अंगठा दोन बोटांत धरला आणि हळूच बाहेर, तर्जनीपासून लांब ढकलला. ढकलताना ते भिंतीकडे बघत होते, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसे. नंतर म्हणाले, मी शेवट शोधत होतो. अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं. ते अर्धवट फाटलं असेल तर अंगठा नेहमीपेक्षा जास्त सरकतो, पण कुठेतरी टणक अडतो. पूर्ण तुटलं असेल तर अडतच नाही, बिजागरी निखळलेल्या दारासारखा जात राहतो. माझा अडला.

या दुखापतीला बर्फावरून घसरणाऱ्या स्कीवाल्यांचं नाव आहे, कारण पडताना त्यांच्या हातातल्या काठीमुळे अंगठा असाच ओढला जातो. त्याच्याही आधीचं नाव शिकारीच्या रानांचे राखणदार यांच्यावरून पडलेलं. १९५५ साली कॅम्पबेल नावाच्या शल्यविशारदानं स्कॉटलंडमधल्या या राखणदारांचे अंगठे तपासून लिहून ठेवलं, की जखमी सशांच्या माना मोडता मोडता त्यांचं हे लिगामेंट सैल पडत जातं. हे वाचून मला उगाच अपराधी वाटलं. मी आयुष्यात एकही ससा मारलेला नाही.

डॉक्टरांनी मात्र राखणदारांचं काही सांगितलं नाही. त्यांनी कागदावर एक चित्र काढलं. लिगामेंट पूर्ण तुटलं, की त्याचं टोक कधीकधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावरून उसळून बाहेर येतं आणि पडदा मध्ये आल्यामुळे परत आपल्या जागी जाऊच शकत नाही. स्टेनर नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं १९६२ मध्ये हे दाखवून दिलं. मग कितीही आठवडे हात बांधून ठेवा, ते जुळत नाही, कापून शिवावंच लागतं. ‘‘तुमचं आत्ता अर्धवट आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पुन्हा त्याच दिशेला ओढ बसली तर पूर्ण होईल. सहा आठवडे.’’

मी विचारलं, ‘‘आणि सायकल?’’

‘‘सहा आठवडे,’’ त्यांनी तोच आकडा पुन्हा सांगितला.

कवच बनवायला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथल्या फिजिओबाईंनी प्लास्टिकचा एक तुकडा गरम पाण्यात टाकला. तो सायीसारखा मऊ झाला. मग त्या म्हणाल्या, ‘‘ग्लास धरल्यासारखा हात करा.’’ असाच हात करायचा असतो, म्हणजे अंगठा बोटांसमोर विसावतो आणि लिगामेंटवर ताण येत नाही. त्यांनी प्लास्टिक हातावर लपेटलं. ते थंड होऊन घट्ट व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी मनातला ग्लास खाली ठेवला आणि सायकलच्या हँडलची मूठ धरली.

‘‘एवढा बारीक ग्लास?’’ बाई म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. म्हणजे बघा, ठरवायचं ते तिथेच ठरलं होतं. पुढचे दोन आठवडे मी नुसता विचार करण्याचं नाटक केलं.

लोकांना मी वेगवेगळी कारणं सांगितली. पैसे भरून झालेत. वर्षभराचा सराव वाया जाईल. नुसती पूर्ण करायची आहे, जोर नाही लावायचा. सगळी अर्धी खरी होती. खरं कारण असं, की सेहेचाळिसाव्या वर्षी एक शर्यत सोडली की पुढची सोडणं सोपं जाईल, अशी मला धास्ती होती. आणि त्याखाली आणखी एक, जरा लाजिरवाणं. माझ्या वयोगटात एक बाई आहे. गेल्या वर्षी शेवटच्या चढावर ती मला मागे टाकून गेली आणि जाता जाता मनापासून म्हणाली, ‘‘छान चाललंय, सोडू नकोस.’’ ते ‘सोडू नकोस’ वर्षभर माझ्या कानात होतं. हिणवलं असतं तर विसरले असते.

रात्री अंगठा ठणकायला लागला, की मी डाव्या हातानं फोनवर दाखले शोधायचे. दाखले मिळतातच. स्वित्झर्लंडची योलांडा नेफ डिसेंबर २०१९ मध्ये सरावात अशी पडली, की प्लीहा फाटली, बरगडी मोडली, फुप्फुस अर्धवट मिटलं. त्यातून उठली, तर जून २०२१ मध्ये हात मोडून घेतला. त्यानंतर सहा आठवड्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये तिनं माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकलं. पुरुषांचं सुवर्ण घेणारा ब्रिटनचा टॉम पिडकॉक मे २०२१ च्या अखेरीस सराव करत असताना मोटारीची धडक बसून पडला होता, कॉलरबोन मोडलेलं. दोन महिनेही झाले नव्हते. सहा आठवडे, दोन महिने, एकोणीस दिवस. रात्री दोन वाजता हे आकडे एकाच माळेचे मणी वाटतात.

सकाळी वाटत नसत. त्या दोघांच्या मागे शल्यविशारद होते, रोज हात बघणारी माणसं होती, आणि त्यांची शर्यत चार वर्षांतून एकदा यायची. माझी दर वर्षी येते. आणि ज्यांचं मोडलेलं पुन्हा मोडलं, जे शर्यतीला गेले आणि अंगठा गमावून घरी आले, त्यांची गोष्ट फोन कुणाला दाखवत नाही. मी वकिलासारखी साक्षीदार निवडत होते. न्यायाधीशही मीच होते.

माझ्या मैत्रिणीचे हात यंत्रात चालतात. सायकलची दुरुस्ती तीच करते. तिला मी म्हटलं, ‘‘ब्रेकची अदलाबदल करून दे.’’ माझा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे. (काही देशांत तो डावीकडे असतो. तिथे जन्मले असते तर हा परिच्छेद वाचला असता.) थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. तो धडधाकट डाव्या हाताकडे गेला तर बरं, असा माझा हिशेब.

‘‘वेडी आहेस का?’’ ती म्हणाली. ‘‘वीस वर्षांची सवय आहे हाताला. घाबरलीस की हात जुनंच करणार. मागचा समजून पुढचा दाबशील आणि तोंडावर येशील. मग अंगठ्याचं कुणी विचारणार नाही.’’

तिचं बरोबर होतं. ब्रेक राहिले तिथेच. मग गिअर. उजव्या मुठीखाली दोन कळा असतात. मोठी कळ अंगठ्यानं पुढे ढकलली, की चेन मागच्या मोठ्या चक्रावर चढते आणि पायांना हलकं होतं. छोटी दाबली, की चेन लहान चक्रावर उतरते आणि जड होतं. शिमानो कंपनीच्या बऱ्याच शिफ्टरमध्ये, म्हणजे या कळांच्या जोडणीत, ही छोटी कळ तर्जनीनं आपल्याकडे ओढली तरी चालते. मोठी मात्र अंगठ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. म्हणजे माझी सायकल जड होऊ शकत होती, हलकी होऊ शकत नव्हती. चढाच्या शर्यतीत याहून वाईट सौदा नसेल.

तोडगा एकच होता. डावा हात हँडलवरून पलीकडे न्यायचा, त्याच्या अंगठ्यानं उजवीकडची मोठी कळ ढकलायची आणि पडायच्या आत हात परत आणायचा. सपाट जमिनीवर जमत होतं. खडबडीत जमिनीवर नाही. म्हणजे चढ सुरू व्हायच्या आधी, जमीन अजून सपाट असताना, पुढच्या चढाला काय लागेल ते ओळखून गिअर लावून ठेवायचा. मागे बारा चक्रं आहेत, सगळ्यात मोठ्याला ५१ दाते. एरवी मी ती विचार न करता बदलते, पापणी लवावी तशी. आता प्रत्येक बदल हा अर्ज, मंजुरी आणि शिक्का असा कारभार झाला.

मैत्रिणीला हे सगळं फार गमतीचं वाटत होतं. ‘‘सुरुवातीला तर गिअरच नव्हते की,’’ ती म्हणाली. तेही खरंच. हा खेळ जिथे रांगायला लागला, त्या कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली रीपॅक शर्यत झाली, तेव्हा बऱ्याच जणांच्या हाती दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या, जाड टायरच्या जुनाट सायकली होत्या. एकच गिअर, आणि ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात: पेडल उलटं मारलं की लागायचा. तीन-सव्वातीन किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटर खाली. तळाला पोचेपर्यंत तो तुंबा असा तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या खेपेआधी तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. ‘रीपॅक’ हे नाव त्यावरूनच. गॅरी फिशरनं ती वाट ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरून विक्रम केला होता. त्यानंतर वीस वर्षांत हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला, १९९६, अटलांटा.

‘‘त्यांना निदान दोन अंगठे होते,’’ मी म्हटलं.

‘‘एकलव्याला नव्हते,’’ ती म्हणाली, आणि स्वतःच्याच विनोदावर पाना खाली पडेपर्यंत हसली. पण एकलव्याकडे अंगठा कुणीतरी मागितला होता. माझ्याकडे कुणी मागितला नव्हता.

मी स्वतःशी काही नियम केले. दुखणं मारणारी गोळी घ्यायची नाही. एक तर घाम गाळताना असल्या गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात. दुसरं म्हणजे, अंगठा काय म्हणतोय ते मला ऐकू यायला हवं होतं. इतकी वर्षं सायकल चालवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. मांड्या पेटल्या, छाती भरली, पाठ मोडली, तरी हे नेहमीचंच म्हणून त्याकडे काणाडोळा करायची. त्या दुखण्यापलीकडे अजून ताकद असते हे अनुभवानं कळलेलं असतं. पण फाटलेल्या लिगामेंटचं दुखणंही त्याच दारातून येतं, तसाच आवाज देतं, आणि ज्याला दार न उघडायची सवय झाली त्याला कोण आलंय ते कळत नाही. दुसरा नियम, हात बधिर झाला तर तिथेच थांबायचं. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: दगडांचा टप्पा चालत पार करायचा. तीनही फेऱ्यांत. काहीही झालं तरी.

दगडांचा टप्पा म्हणजे उतारावरचे तीसेक पावलांचे उघडे खडक. आधी एक तिरकी सपाट शिळा, मग दोन खडकांमधली घळ, जिच्यात चाक बरोब्बर मावतं आणि म्हणून अडकतं, आणि शेवटी गुडघाभर उंचीची पायरी. शेजारून चालत उतरायला जागा होती. सायकल हातात धरून चालणं आमच्या खेळात नियमात बसतं. मानात बसत नाही.

शिट्टी झाली तेव्हा मी मुद्दाम सगळ्यात मागे होते. सगळ्या वयोगटांतल्या बायका एकत्र सुटल्या, तीसेक जणी. सहा किलोमीटरच्या तीन फेऱ्या. पुढच्या धुरळ्यातून टायरांचा खरखराट ऐकू येत होता, आणि मी सपाट जागेवर डावा हात पलीकडे नेऊन कळ ढकलत होते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ढकलायचं राहिलं.

तेवढ्यानं घात केला. वळणाआड चढ उभा राहिला आणि मी निदान दोन चक्रं जड होते. पेडल फिरेनात. चढावर हात सोडायचा नाही हे ठरवलं होतं, तरी सोडला. पुढचं चाक दारुड्यासारखं डावीकडे गेलं, आणि मी एका पायावर उड्या मारत उतरले. शर्यत सुरू होऊन तीन मिनिटं झाली होती. मागून येणारं कुणी नव्हतं, हाच काय तो मागे राहण्याचा फायदा.

त्यानंतर मात्र डोळे कामाला लागले. मी एरवी चाकापुढची दोन-तीन मीटर जमीन बघते. बाकीचं पायांवर आणि गिअरवर सोपवते. आता मला पुढच्या वळणामागचा चढ आत्ताच बघावा लागत होता. झाडांची रांग वर सरकलेली दिसली, की समजायचं चढ आहे. पुढच्या बाईचा वेग एकदम तुटला, की समजायचं उभा आहे. धुरळा तरंगत राहिला तर वाट वळलेली, खाली बसला तर सरळ. हात पलीकडे, टक, टक, टक, हात परत. दुसऱ्या फेरीपर्यंत मला या कारभाराची मजा यायला लागली होती, हे कबूल करते.

उताराचं वेगळंच झालं. कवचामुळे अंगठा मुठीला वळसा घालून नीट आवळत नव्हता, माझ्या बारीक ग्लासाची सगळी चलाखी करूनही. हात मुठीवर ठेवलेला होता, धरलेला नव्हता. ब्रेक तर्जनीनं ओढायचा तर समोरून अंगठ्यानं मूठ धरून ठेवावी लागते, नाहीतर हात सरकतो. म्हणून जोरात ब्रेक फक्त गुळगुळीत जागी, जिथे तळव्याचं वजन मुठीवर बसलेलं आहे. म्हणजे वळणाच्या बऱ्याच आधी. आणि एकदा वळणात शिरलं की सोडून द्यायचं, चाक फिरू द्यायचं. असंच करायचं असतं हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवतेसुद्धा. पण मूठ आवळायची ताकद होती तोवर मी वळणाच्या मधोमध ब्रेक ओढून निभावून नेत होते, आणि त्यालाच आपलं कौशल्य समजत होते. दुसऱ्या फेरीत मुळांच्या उतारावर मी एका तरुण मुलीला गाठलं. ‘‘डावीकडून येते,’’ म्हटलं, ती बाजूला झाली. तिचे खांदे कानापर्यंत चढले होते, मुठी पांढऱ्या पडलेल्या. माझे नेहमी तसेच असतात.

हे वाचून कुणी म्हणेल, बरं झालं अंगठा दुखावला. बरं काही झालं नाही. प्रत्येक धक्क्याला मनगटाच्या वर एक तार झंकारत होती. गोळी न घेतल्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं, हा नियम करणाऱ्या बाईला मी वाटेत दोन-चार शिव्याही घातल्या.

दगडांच्या टप्प्यावर पहिल्या फेरीत उतरले, चालत गेले. दुसऱ्या फेरीतही. तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं मान डोलावली. ‘‘शहाणपणा केलात,’’ तो म्हणाला. मला ते शब्द फार आवडले. पुढच्या चढावर ते मी गोळीसारखे चघळत होते.

तिसऱ्या फेरीपर्यंत तिथे गर्दी जमली होती. आधीच्या गटाची शर्यत संपलेली, ती मंडळी धुळीनं माखलेल्या चेहऱ्यांनी खडकांशेजारी बसली होती. एक माणूस पायरीखाली पोटावर पडून कॅमेरा लावून होता. मी वळणावरून दिसले तसं कुणीतरी ओरडलं, ‘‘आली, आली!’’ आणि दहा-पंधरा जणांनी टाळ्या सुरू केल्या.

उतरायची जागा आली आणि गेली.

मी ठरवलं, असं म्हणता येणार नाही. ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा नव्हताच. एवढंच आठवतं की कॅमेऱ्याची काच माझ्याकडे वळली आणि माझं बूड आपोआप सीटच्या मागे गेलं. शिळा ठीक गेली. घळीत पुढचं चाक शिरलं, खडकाला घासलं, हँडल उजवीकडे खेचलं गेलं. मग हात हवेत होता. किती वेळ ते सांगता येत नाही. परत खाली आला तो कवचाच्या कडेवर, आणि अंगठा बाहेरच्या बाजूला गेला, डॉक्टरांनी ढकलला होता तसाच, फक्त हळूच नव्हे. मी पायरी कशी उतरले ते मला माहीत नाही. सायकलनं उतरवलं. टाळ्या वाढल्या. मी हसलेसुद्धा, असं फोटोवरून दिसतं.

तो फोटो माझ्याकडे आहे. चांगला आलाय. धूळ, खडक, मागे उन्हात झाडं, मी दात दाखवत हवेत. नीट बघितलं तर उजवा हात आणि मूठ यांच्यामध्ये मागचं झाड दिसतं. चार बोटं असेल अंतर.

शेवटचे दोन किलोमीटर मी जवळपास एका हातानं चालवली. दुखत होतं, पण आता ते नेहमीच्या दुखण्यासारखं नव्हतं, आणि तसं ते नाही हे मला पहिल्या क्षणापासून कळत होतं. थांबायचा नियम हात बधिर झाला तर होता. बधिर नव्हता झाला. मी नियमाचं कलम वाचून दाखवलं आणि पुढे गेले. वयोगटात अकरा जणींत नववी आले. एक जण पडली होती, दुसरीची चेन तुटली होती.

शर्यत संपल्यावर हँडलवरचा नंबर काढायचा होता. प्लास्टिकच्या पट्ट्या कापायला कात्री चालवता येईना, म्हणून मी दातांनी ओढत होते, तेवढ्यात ती बाई आली. गेल्या वर्षीची. तिसरी आली होती. तिनं न बोलता माझ्या हातातून सायकल घेतली, पट्ट्या कापल्या, नंबर माझ्या हातात दिला. मग कवचाकडे बघितलं, कवचाबाहेर आलेल्या सुजेकडे बघितलं.

‘‘सोडायचं होतंस,’’ ती म्हणाली. तेही मनापासूनच.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी परत अंगठा ढकलला, परत भिंतीकडे बघितलं. या वेळी जास्त वेळ.

‘‘अडतोय,’’ ते म्हणाले. मी श्वास सोडला. ‘‘पण उशिरा अडतोय. मधे काही झालं का?’’

‘‘दारात अडकला होता,’’ मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून, आणि कवच नवं, कारण हे सैल झालं होतं. शेजारच्या खोलीत फिजिओबाई होत्या. त्यांनी माझा हात पांढऱ्या टॉवेलवर ठेवला आणि व्हेल्क्रोचे पट्टे एकेक करून उघडले. दुसऱ्या पट्ट्याबरोबर बारीक धूळ टॉवेलवर सांडली. तिसऱ्याबरोबर जरा जास्त, आणि वाळलेल्या पानाचा एक तुकडा. मी कवच धुतलं होतं. व्हेल्क्रोच्या आकड्यांत काय काय अडकून राहतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

‘‘आराम केला ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

त्यांनी टॉवेलची घडी आतल्या बाजूला केली, धुळीसकट, आणि बाजूला ठेवली. प्लास्टिकचा नवा तुकडा गरम पाण्यात टाकला. मग उठून बेसिनपाशी गेल्या, तिथला ग्लास विसळला, पुसला आणि आणून माझ्या हातात दिला.

‘‘धरा,’’ म्हणाल्या. ‘‘घट्ट होईपर्यंत सोडायचा नाही.’’